डावी नांगी

दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलं की माणूस एकतर छताकडं बघतो नाहीतर जमिनीकडं. कोर्बिनियान जमिनीकडं बघत होता, कारण मान वर केली की दाढ ठणकायची. जमीन त्याच्या गावाकडच्या दगडाची होती. त्यात काही नवल नाही. म्युनिकमधल्या निम्म्या जिन्यांना न् दवाखान्यांना तोच दगड आहे, ताकाच्या रंगाचा, पायाला गार लागणारा. नवल एवढंच, की समोर बसलेल्या बाईच्या बुटाशी एका फरशीत दोन मिशा होत्या. कोळंबीच्या. केसाएवढ्या बारीक, तपकिरी, मागं वळलेल्या. मिशांमागं डोकं, डोक्यामागं पाठीची दोन कडी, आणि मग सांधा. सिमेंटची रेघ. रेघेच्या पलीकडं दुसऱ्याच दगडाची दुसरीच फरशी, पार कोरी. करवतीनं अर्धं जनावर इथं आणून टाकलं होतं. उरलेलं अर्धं कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या देवडीत, ते देवालाच ठाऊक. बाईनं पाय आत ओढले. “काय बघताय हो मघापासून?” ती म्हणाली. “कोळंबी,” कोर्बिनियान म्हणाला. “इथं?” म्हणून बाईनं दोन्ही पाय उचलूनच धरले. “चावत नाही ती. मरून लई काळ झाला,” असं तो म्हणाला खरा, पण म्हणताना त्याच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. दगडात जनावर त्यानं काय पहिल्यांदा बघितलं होतं? सगळी हयात संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, सुईनं दगडाचा कण न् कण उडवून असली जनावरं मोकळी करण्यातच गेली त्याची. हललं ते जनावर बघून नाही, सांधा बघून.

सकाळीच फोन आला होता. डॉक्टर त्सोलर म्हणून बाई आहेत संग्रहालयात, त्याच्यामागून आलेल्या, वयानं निम्म्या, स्वभावानं गोड. फोनवर आधी दाढेची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या, “श्वेगलर, तुमच्या वडिलांच्या जनावराचं सांगायचं होतं. मी त्या थरातले सगळे नांग्यावाले बाहेर काढून पुन्हा लावतेय. आणि तुमच्या वडिलांच्या नावाची ती जात, सेबाल्डी, काही बसत नाही मला.” “बसत नाही म्हणजे?” “म्हणजे बाकी सगळं अंग त्या नेहमीच्या लांबनांग्याचंच आहे हो. फक्त नांगी आखूड. आणि तीही एकच, उजवी. डावीच्या जागी खड्डा आहे. डावीपण आखूड निघाली तर जात वेगळी, नाव राहील. लांब निघाली तर,” आणि इथं त्या थांबल्या, “तर नाव काढावं लागेल. मला त्यात आनंद नाही.” कोर्बिनियान म्हणाला, “डावी आखूडच असणार. उजवी बघितली की डावी कळते. नाव देणाऱ्या प्रोफेसरसाहेबांनी तेच लिहिलंय.” “लिहिलंय. ठिपक्यांची रेघ काढून लिहिलंय,” बाई म्हणाल्या, “पण मला दगड पाहिजे. दुसरा अर्धा कुठंय?” बघतो म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसरा अर्धा कुठं आहे ते त्याला माहीत होतं. म्हणजे कुणाकडं होता ते माहीत होतं. आणि तो माणूस फेब्रुवारीत मेला होता.

खाणीतल्या लोकांची एक रीत आहे. लादी उभी धरायची, कडेवर छिन्नी ठेवायची, हातोडीनं टिकटिक करत नाद ऐकत ऐकत फिरवत न्यायची. लादी आपण होऊन दोन पानांत उघडते. उघडल्यावर आत जनावर निघालं, तर ज्या पानावर ते चिकटून राहतं त्याला म्हणायचं अंग, आणि ज्या पानावर ठसा उमटतो त्याला म्हणायची सावली. छिन्नी ज्याच्या हातात त्याचं अंग. पडणारं पान ज्यानं झेललं त्याची सावली. आणि दोन्ही पानं एकाच घरात ठेवायची, तोंडाला तोंड लावून, कागदात गुंडाळून. जोडी मोडायची नाही. जोडी मोडणाऱ्याच्या हाताला पुन्हा जनावर लागत नाही म्हणतात, आणि ह्यावर हसणारा माणूस कोर्बिनियाननं खाणीत तरी कधी बघितला नव्हता. त्या दिवशी छिन्नी बापाच्या हातात होती. सेबाल्ड श्वेगलर, मिशा दगडाच्या भुकटीनं बाराही महिने पांढऱ्या. झेलायला थोरला, वुनिबाल्ड. कोर्बिनियान मागं कपच्या लोटत होता, कारण त्याचं लक्ष कुठं असायचं देव जाणे, आणि झेलायच्या कामावर त्याला बाप ठेवायचा नाही. लादी उघडली. वुनिबाल्ड म्हणाला, “बाबा, ह्याला बियरबरोबर खाल्ला असता, उशीर झाला.” बाप म्हणाला, “गप बस. झेललेलं नीट धर, कडेचं काहीतरी तुझ्याकडं आलंय.” शेवंडाच्या भावकीतलं, पण नांग्यावालं जनावर, वीतभर, पाठीचं कवच अख्खं, शेपूट पंख्यासारखं पसरलेलं, आणि उजव्या बाजूला एक नांगी, आखूड, बोथट, लहान पोराच्या मुठीसारखी. “असली नांगी मी बघितली नाही,” बाप म्हणाला. आयुष्यभर दगड फोडलेला माणूस म्हणाला, असली बघितली नाही. कोर्बिनियान कपच्या टाकून पुढं आला, आणि अंगाकडं बघत बसला. सावलीकडं त्यानं बघितलं नाही. ती वुनिबाल्डच्या छातीशी होती, पाठ ह्याच्याकडं. नंतर बघू म्हटलं. बापानं दोन्ही पानं तिथंच मिटवून कागदात बांधली, आणि ते ‘नंतर’ कधी आलंच नाही.

डॉक्टरांच्या पोरीनं नाव पुकारलं तेव्हा कोर्बिनियान जिन्यात होता. दाढ राहू दे, आपली आपण पडेल. ट्रामनं स्टेशन, स्टेशनवरून गाडी. गाडीत समोर एक म्हातारं जोडपं मुळा कापून मीठ लावून खात बसलं होतं, एकाच चाकूनं, आळीपाळीनं. बाहेर बियरच्या हॉपचे वेल खांबांवर चढले होते. त्याच्या मनात सारखी एकच गोष्ट फिरत होती. गावच्या घराचं छप्पर काढणार आहेत. पुतणीनं, त्सेंझीनं, तिचा बाप, वुनिबाल्ड, गेल्यावर कळवलं होतं: जुनं दगडी छप्पर उतरवून पत्रे घालतोय, वजन पेलत नाही आता वाशांना, काका, तुम्हाला काही हवं असलं तर येऊन बघून घ्या. त्याला वाटलं होतं, मला काय हवं असणार? चमचे? पण सकाळपासून वाटत होतं, त्या घरात कुठंतरी, कपाटात, कोंबड्यांच्या खुराड्यात, तळघरात बटाट्यांखाली, ती सावली असणार. किंवा नसणार. वुनिबाल्ड काय करील सांगता येत नव्हतं. हातोडा घालून भुगा केला असेल, आणि वर हसला असेल. बापाचं नाव, सगळ्या जगातल्या पुस्तकांत छापलेलं एकच एक नाव, त्या हट्टी माणसाच्या एका हातोड्यावर लोंबकळत होतं. गावच्या स्मशानातला बापाचा दगड पार झिजलाय, सेबाल्डमधली पहिली दोन अक्षरं शेवाळानं खाल्लीत. राहिलं ते संग्रहालयातल्या एका खणात, चिठ्ठीवर. तेवढं राहू दे बाबा, असं तो कुणाला म्हणत होता कोण जाणे. बहुतेक वुनिबाल्डलाच.

जनावर सापडलं, आणि खाणीत तो हिवाळा फार वाईट गेला. बापाच्या छातीत पाणी झालं. पलंगावर बसूनच झोपायचा, आडवं झालं की गुदमरायचा. कोर्बिनियानला म्युनिकची नोकरी लागली होती, संग्रहालयात, दगड साफ करायची. बापानं अंग त्याच्या मांडीवर ठेवलं. “घेऊन जा,” म्हणाला. “तिथं शिकलेली माणसं आहेत. त्यांना विचार, हा कोण आहे.” एवढंच म्हणाला, हा कोण आहे. आणि वुनिबाल्डकडं बघून म्हणाला, “तुझी तू दे त्याला.” वुनिबाल्ड खिडकीशी उभा होता. म्हणाला, “देतो की. आधी मातीचं होऊ दे.” बापाच्या तोंडावर मातीचं बोलला! बाप हसला उलट, खोकत खोकत. पण माती झाल्यावर वुनिबाल्डनं दिली नाही. पहिल्यांदा म्हणाला, सापडत नाही. मग म्हणाला, नंतर बघू. कोर्बिनियान अंग घेऊन गेला, प्रोफेसरांनी भिंग लावून बघितलं, आनंदानं दोन्ही हात चोळले, आणि बापाचं नाव त्या जनावराला दिलं. नाव न् चित्र छापलेला तो कागद कोर्बिनियाननं चौकटीत घालून भावाला पाठवला. उत्तर नाही. मग एकदा उन्हाळ्यात तो स्वतः गेला, नवा कोट घालून. कोट घालायला नको होता. वुनिबाल्ड दारातच उभा राहिला, चौकटीला खांदा लावून, हातात पावाचा तुकडा. “आलास? ये की. कोट काढून ये, कोंबड्या घाबरतील.” “वुनी, सावली दे. जोडी मोडायची नसते, तूच सांगायचास.” “जोडी तू मोडलीस, अंग घेऊन गेलास.” “बाबांनी दिलं होतं मला!” “मग सावली मला पडणाऱ्या लादीनं दिली. मी जिता आहे तोवर मिळणार नाही. मी मेल्यावर घे, मग काय करायचं ते तू ठरव.” “तुला बघवत नाही,” कोर्बिनियान म्हणाला होता. “बाबांचं नाव माझ्या हातानं झालं, ते तुला बघवत नाही.” वुनिबाल्डनं पाव चावायचा थांबवला. मग म्हणाला, “बरं. असं असंल,” आणि दार लावलं. आपटलं नाही. हळू लावलं. इतकी वर्षं गेली, ते हळू लावलेलं दार कोर्बिनियानच्या कानात राहिलं होतं, आणि कधी कधी, सुई हातात धरून कुठल्यातरी कोळंबीचे पाय मोकळे करताना, त्याला वाटायचं, चिडलेला माणूस दार आपटतो. पण मग तो पुढचा पाय घ्यायचा.

त्यानंतर दोघं समोरासमोर आले ते थेट फेब्रुवारीत, आणि तेव्हा एकजण पेटीत होता. कोर्बिनियान मागच्या बाकावर बसला, मग स्मशानात पाठीमागं उभ्या लोकांत मिसळला, गारठ्यानं नाक वाहत होतं म्हणून रुमाल लावला, आणि बघणाऱ्यांना वाटलं भाऊ रडतोय. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. त्या हाताची त्याला लाज वाटली. मातीनंतरच्या मटणाच्या सुपाला थांबला नाही. पुलावर उभं राहून बस यायची वाट बघत होता, आणि खाली आल्टम्यूल नदी, मंद, हिरवी, अंगावर बर्फाचा पापुद्रा. ह्याच पुलाखाली ते दोघं उघड्या पायांनी दगड उलटायचे, गोड्या पाण्यातले झिंगे धरायला. वुनिबाल्ड बोटं आत घालायचा, चावून घ्यायचा, न् ओरडत झिंगा वर काढायचा, बोटाला लटकलेला. एकदा असा एक निघाला, एक नांगी ही एवढी आणि एक अगदीच चिमुकली, बाहुलीला लावल्यासारखी. “बघ, बघ, हा तुझ्यासारखा आहे, अर्धा राजा अर्धा भिकारी!” म्हणून वुनिबाल्ड पाण्यात बसून हसला होता, चड्डी भिजेपर्यंत. घरी आणल्यावर बाप म्हणाला, भांडणात तुटली असंल. तुटली की पुन्हा येते. पण पहिल्यासारखी येत नाही. पुलावर उभा असताना हे सगळं आठवलं होतं त्याला, फेब्रुवारीत. आठवलं, आणि बस आली, न् तो चढला. माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी पडून असतात, आणि मध्ये सिमेंटची रेघ असते.

तो पोचला तेव्हा घराचा पुढचा उतार उघडा पडला होता. वाशांच्या फासळ्या दिसत होत्या. अंगणात उतरवलेल्या लाद्यांचा ढीग, वर शेवाळ, वर पक्ष्यांची घाण. त्याचं पाऊल तिथंच अडलं. छपरावरून एक गडी ओरडला, “कोण हवंय?” आतून त्सेंझी आली, हात पिठात भरलेले, बापासारखीच रुंद. “काका! आलात? मी म्हटलं आता काय येताय.” “त्सेंझी, तुझ्या बापाकडं एक दगड होता,” त्यानं उभ्या उभ्याच सुरुवात केली. “आधी बसा. दाढ सुजलीय का हो तुमची? गाल बघा.” “एक दगड होता, अर्धा. आमच्या बाबांच्या जनावराची सावली. कुठं ठेवलाय, फेकला की काय केला, मला आज पाहिजे.” त्सेंझीनं हात एप्रनला पुसले. हळूहळू पुसले, एकेक बोट. “म्हणजे ती वरची,” ती म्हणाली. “ती अजून काढलेली नाही. मी गिर्गलला सांगून ठेवलंय, मागचा उतार शेवटी कर, आणि बाबांच्या पलंगावरची लादी माझ्यासमोर काढ.” “पलंगावरची?” “छपरात बसवलीय ना ती. खालच्या थरात, तोंड खाली करून. मी एवढी होते तेव्हा बसवली. मी म्हटलं, बाबा, कपाटात ठेवा की. तर म्हणाले, कपाटं उघडतात लोक. छप्पर कुणी उघडत नाही.” कोर्बिनियान म्हणाला, “आणि मला कधी सांगितलं नाहीस!” त्सेंझी त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही, पण बघत राहिली. “तुम्ही आलात कधी, काका?” ती म्हणाली. मग आवाज जरा उतरवून, “आणि बाबांनी तर बजावलंच होतं. मी आहे तोवर ती कोर्बीला दाखवायची नाही. त्याला वाईट वाटेल, म्हणाले.”

तो जिना चढून वर गेला. माळ्यावर वुनिबाल्डची खोली, म्हणजे नुसता उतरत्या छपराखालचा कोपरा: एक लोखंडी पलंग, पलंगावर घडी घातलेलं ब्लँकेट, खुर्चीवर कामाची विजार अजून तशीच, गुडघ्याला आकार राहिलेली. आणि भिंतीवर चौकटीत तो कागद. ह्यानं पाठवलेला. बापाचं नाव, जनावराचं चित्र, उजवी नांगी काळ्या रेघेनं, डावी ठिपक्यांनी. कोर्बिनियान कागदासमोर उभा राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की उभं राहून वरचं काही दिसत नाही, छप्पर फार खाली आहे, मान वाकवावी लागते; बघायचं तर आडवंच व्हायला पाहिजे. तो पलंगावर बसला, बूट काढले, आणि भावाच्या उशीवर डोकं ठेवून आडवा झाला. उशीला तंबाखूचा वास होता. वाशांच्या मधोमध, त्याच्या तोंडावर हातभर अंतरावर, ती होती. सावली. पाठीच्या कवचाचा खोलगट ठसा, शेपटीचा पंखा, उलटा. आणि उजव्याची डावी होते हे सगळं मनात जुळवून घेतल्यावर, कडेला, बाप म्हणाला होता ते कडेचं काहीतरी. ती डावी नांगी. ठसा नव्हे, खुद्द नांगी, दगडातून उठून आलेली, तपकिरी, चकचकीत. आणि लांब. बोटासारखी सडपातळ, आतल्या कडेला फणीसारखे दात. ह्या दगडात पोत्यानं सापडणारी, खाणीतलं शेंबडं पोर ओळखील असली, नेहमीची लांब नांगी. मग उजवीकडची ती आखूड मूठ, जिच्यासाठी प्रोफेसरांनी हात चोळले, ती कोण? ती कुठंतरी कधीतरी भांडणात तुटून पुन्हा आलेली. पहिल्यासारखी न आलेली. पाण्यात बसून हसणारा वुनिबाल्ड त्याला दिसला, चड्डी भिजेपर्यंत हसणारा, आणि त्यानं डोळे मिटले.

म्हणजे वुनिबाल्डला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी नसेल, पण चौकटीतला कागद हातात आला, ठिपक्यांची डावी बघितली, तेव्हा तरी कळलंच असणार. छातीशी धरून आणलेली लादी होती ती. दारात पावाचा तुकडा हातात धरून उभा होता तेव्हा ठाऊक होतं. ‘तुला बघवत नाही’ हे ऐकून घेताना ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर बापाचं नावही गेलं असतं आणि धाकट्याचा नवा कोटही. नाही बोलला. बरं, असं असंल, म्हणाला. आणि वर येऊन ती लादी छपरात घातली, तोंड खाली करून, आणि आडवा झाला, आणि रोज बघत राहिला एकटाच. त्याच्या जागी आपण असतो तर जळलो असतो, चिडलो असतो, भुगा केला असता, म्हणून कोर्बिनियान धरूनच चालला होता की वुनिबाल्डही तसाच असणार. उजवी बघितली की डावी कळते. कुठल्या गाढवानं हे लिहून ठेवलं! आपण एकदा वर आलो असतो. कोट काढून, कोंबड्या न घाबरवता, नुसतं सूप प्यायला, सावली न मागता. ‘चल वर’, म्हणाला असता कदाचित. दोघं ह्या पलंगावर आडवे झालो असतो, खांद्याला खांदा, लहानपणीसारखे, आणि वुनिबाल्ड म्हणाला असता, बघ, हा तुझ्यासारखा आहे. आणि हसलो असतो. नाव गेलं असतं तर गेलं असतं. त्याची दाढ ठणकत होती, आणि कानात पाणी गेलं तेव्हा त्याला कळलं की ते डोळ्यांतलं आहे.

“काका!” वरून गिर्गलचा आवाज, वाशांमधून खाली डोकावलेलं त्याचं तांबडं तोंड. “झोपलात का काय? ही काढू, का राहू दे? म्हणाल तर हिच्यापुरतं आम्ही उद्या करू. म्हणाल तर फोडून टाकतो, त्सेंझीबाईंना चुकून फुटली म्हणून सांगतो. तुमचं काय ते बोला, उतरायचंय मला, जेवायचंय.” जिन्याच्या तोंडाशी त्सेंझी येऊन उभी राहिली होती. आता त्यानंच ठरवायचं होतं. मी मेल्यावर तू ठरव. टोमणा नव्हता तो, निरोप होता. लादी इथंच राहिली, पत्र्याखाली गाडली गेली, तर डॉक्टर त्सोलरबाई दोन वर्षं थांबतील, आणखी कुणी दहा वर्षं थांबेल, खणातली चिठ्ठी तशीच राहील, सेबाल्डी, प्रश्नचिन्हासकट. त्यानं बापाला आठवायचा प्रयत्न केला, आणि त्याला नाव आठवलं नाही, छापलेलं काहीच आठवलं नाही. आठवली ती पांढरी मिशी, आणि मांडीवर ठेवलेल्या दगडाचं वजन. त्यांना विचार, हा कोण आहे. बापानं नाव मागितलंच नव्हतं कधी. बापानं एक प्रश्न विचारला होता, आणि उत्तर इथं होतं, भावाच्या उशीच्या वर, इतकी वर्षं.

“काढ,” कोर्बिनियान म्हणाला. “सांभाळून काढ. जोडी आहे ती.”

“कुणाची?” गिर्गल म्हणाला, पण उत्तराची वाट न बघता त्यानं आधी वरच्या दोन लाद्या सरकवल्या, मग दोन्ही हात खाली घातले. शेवाळाची माती कोर्बिनियानच्या तोंडावर पडली. तो हलला नाही. लादी सुटताना दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, जुना, ओळखीचा, पान उघडल्याचा. आणि मग ती वर गेली, आणि तिच्याएवढंच, तिच्याच आकाराचं आभाळ तिथं उरलं, कोरं, आणि त्यातून दुपारचं ऊन सरळ खाली आलं, उशीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर.